हातानं भरलेला बार

कॅनडातल्या भाच्यानं एक छोटा व्हिडिओ पाठवला. टेबलाच्या कडेला पक्कं बसवलेलं लोखंडी दाबयंत्र, शेजारी बारीक तराजू, आणि लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून उभ्या केलेल्या पितळी पुंगळ्यांची रांग. तो एकेक पुंगळी उचलतो, दिव्याखाली फिरवून कुठं चीर गेली नाही ना ते बघतो, खाली ठेवतो, पुढची उचलतो. एक त्याला पसंत पडत नाही. ती बाजूच्या डब्यात जाते. व्हिडिओत बोलणं नाही, गाणं नाही. पितळ लाकडावर टेकल्याचा बारीक आवाज तेवढा.

त्यानं तिकडच्या परवान्यावर एक जुनी ली-एनफिल्ड रायफल घेतली आहे. सैन्यानं मोडीत काढलेली, तेव्हा स्वस्तात गेलेली, मग या हातातून त्या हातात फिरत त्याच्यापर्यंत आलेली. आपल्याकडे हवालदारांच्या खांद्यावर दिसायची तीच थ्री नॉट थ्री. तिची काडतुसं दुकानात मिळतात, पण भारी पडतात. म्हणून सुट्टीच्या आदल्या रात्री तो गॅरेजमध्ये बसून वापरलेल्याच पुंगळ्या पुन्हा भरतो आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर जाऊन कागदाच्या निशाणावर उडवतो. फोनवर म्हणाला, "मामा, पैसे वाचतात म्हणून सुरू केलं होतं. आता उडवण्यापेक्षा भरायलाच जास्त आवडतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं रायफलचा फोटो पाठवला. दस्त्याच्या वर, पोलादी पट्टीवर ठसा आहे: मुकुट, खाली जी.आर.आय. ही तीन अक्षरं, मग इशापूर आणि १९४२. म्हणजे बंगालमध्ये, हुगळीच्या काठी घडलेली बंदूक. तिनं कुठल्या मुलखातलं युद्ध पाहिलं, किती खांदे बदलले, हे लाकूड सांगत नाही. आज ती बर्फाच्या देशात एका मराठी मुलाच्या घरी कुलपात आहे. फोटो मोठा करून मी तो मुकुट बराच वेळ पाहिला, कारण तसाच एक मुकुट मी लहानपणापासून ओळखतो. तो आमच्या आबांच्या बंदुकीवर होता.

आमचं गाव मुरूड तालुक्यात, समुद्राकडे पाठ करून डोंगराला टेकलेलं. भरतीची गाज ऐकू येते, पण अंगणातून दिसतं ते फणसाडचं रान. हे रान म्हणजे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाची राखीव शिकार. संस्थान १९४८ साली विलीन झालं आणि १९८६ साली या रानाचं अभयारण्य झालं. शेकरू आहे, भेकर आहे, बिबट्या आहे. आणि रानडुकरं आहेत. भात पोटरीला आलं की ती कुठल्याही अभयारण्याची हद्द मानत नाहीत. एका रात्रीत खाचर लोळवून जातात. खातात थोडं, तुडवतात फार. सकाळी बांधावर उभं राहून ते पाहणाऱ्या माणसाचा चेहरा ज्यानं पाहिला आहे, त्याला शेतकऱ्याच्या घरात बंदूक कशाला, हा प्रश्न पडत नाही.

आबांची बंदूक ठासणीची, केपाची. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आणि "टॉवर" ही इंग्रजी अक्षरं. ही मोहर लंडनच्या टॉवरमधून तपासून निघालेल्या सरकारी बंदुकांवर असे, आणि तिची नक्कल करून विकलेल्या व्यापारी बंदुकांवरही असे. आमच्या घरात मात्र एकच कथा मान्य होती: खापरपणजोबा नबाबाकडे शिपाई होते आणि पलटणीतून काढून टाकलेली बंदूक त्यांना मिळाली. मला ही कथा आवडते. सैन्याला नको झालेली वस्तू शेतकऱ्याच्या घरी येऊन राखणीला लागली, यात काहीतरी बरोबर झाल्यासारखं वाटतं. नळीच्या आत बोट घातलं की गुळगुळीत लागे. आटे नव्हते. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम अशाच, आटे नसलेल्या बंदुका दिल्या. आटे गोळीला फिरवतात आणि ती सरळ, लांबवर जाते. म्हणजे बंदूक हाती द्यायची, पण लांबचा नेम काढून घ्यायचा. त्या अविश्वासाचा मागमूस आमच्या पडवीत खुंटीला टांगलेला होता, आणि तो डुकरांवर चालत होता.

बंदुकीपेक्षा मला आठवतो तो आबांचा पत्र्याचा डबा. आत एक कळकाच्या पेराचं माप, काठ घासून घासून सुपारीच्या रंगाचा झालेला. केपांची चपटी डबी. तिचं झाकण नखानं उघडायचं, कारण चाकूच्या पात्यानं उघडताना आजीच्या माहेरी कुणाचं तरी बोट गेलं होतं. काथ्याचे बोळे. जुन्या धोतराच्या चिंध्या. आणि कापडी पिशवीत छर्रे. हे छर्रे विकतचे नसत. कोळीवाड्यात पाग जुना झाला, फाटून गेला, की त्याच्या घेराला ओवलेले शिशाचे मणी आबा मागून आणत. बदल्यात घरचे वाल किंवा पांढरा कांदा जाई. मागच्या पडवीत चुलीवर ते शिसं वितळे. आम्हा मुलांना त्या दिवशी तिकडे फिरकायची बंदी. लांबून दिसे ते एवढंच, की काळं, मळकट काहीतरी पळीत पडलं आणि क्षणभर चांदीसारखं झळकलं. समुद्रात मासे धरणारं शिसं डोंगराच्या बाजूला डुकरं हाकायला जायचं. आमच्या पट्ट्यातली देवाणघेवाण अशीच होती, कोळ्याचं कुळवाड्याकडे, कुळवाड्याचं कोळ्याकडे.

बार भरायला आबा संध्याकाळी, उजेड असतानाच बसत. दिव्यापाशी भरायचं नाही, विडी ओढणारा माणूस अंगणात असेल तर भरायचं नाही, घरात भांडण झालं असेल तर त्या दिवशी भरायचंच नाही. हा शेवटचा नियम त्यांचा स्वतःचा. बंदूक भिंतीला तिरकी टेकवून, तोंड स्वतःपासून दूर ठेवून, ते माप भरत आणि कडेवर बोट फिरवून सपाट करत. मग बोळा, मग गज. गज खाली जाताना होणारा आवाज आधी पोकळ असे, मग भरीव होई. ते कानानं भरत. आवाज बसला की थांबत, गजावर नखानं केलेली खूण नळीच्या तोंडाशी ताडून पाहत. खूण वर आली तर बार जास्त झाला. काढायचा आणि पुन्हा भरायचा. केप मात्र घरी लावत नसत. ती शेतातल्या माळ्यावर चढून, अंधार पडल्यावर.

आणि बऱ्याचदा त्यात छर्रे नसतच. नुसती दारू आणि बोळा. डुकराला मारण्यापेक्षा त्याला कळवणं महत्त्वाचं, असं ते म्हणत. डोंगराच्या कुशीत रात्री तो बार उडाला की आवाज रानात शिरे, पलीकडच्या कड्याला लागून परत येई, आणि खाली गावातली कुत्री भुंकू लागत. अंथरुणात आम्हाला कळे, आबा जागे आहेत.

किनाऱ्यावर दारू सांभाळणं हे वेगळंच काम. आमच्याकडची हवा मीठसुद्धा कोरडं राहू देत नाही. चार महिन्यांच्या पावसात दारू सर्दते, आणि सर्दलेली दारू ऐन वेळी दगा देते: घोडा पडतो, केप तडकते आणि पुढं काहीच होत नाही. म्हणून पाऊस ओसरल्यावर, राखण सुरू होण्याआधी, आबा घरापासून दूर खळ्यात एका ताटात ती पसरून ऊन देत आणि स्वतः शेजारी बसून राहत. मोठेपणी आज्ञापत्र वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला, १७१५च्या सुमाराचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. गडावरच्या दारूखान्याबद्दल त्यात बजावलं आहे, की तो वस्तीच्या घराजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं येऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हात द्यावेत आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत. ज्यानं ते लिहिलं त्याला आपल्या हवेचा स्वभाव ठाऊक होता. आबा काही आज्ञापत्र वाचलेले नव्हते. चौथीनंतर त्यांनी पुस्तक हातात धरलं नाही. पण कुलाब्याच्या, कोर्लईच्या, खांदेरीच्या कोठारांतून जी काळजी तीनशे वर्षं घेतली गेली, ती गावोगावच्या माणसांच्या हातात उतरत आलेली होती. गड पडले, आंग्र्यांचं आरमार गेलं, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या कारखान्याचं नाव कोरलेल्या दोन तोफा गाड्यांवर उभ्या राहिल्या, आणि पोरं आता त्यांच्यावर बसून फोटो काढतात. दारूला ऊन द्यायची रीत मात्र आमच्या खळ्यापर्यंत आली.

हातानं भरायच्या काडतुसावरून या देशात केवढं रामायण घडलं, ते शाळेत आपण सगळे शिकलो. पण शाळेत एक तपशील कुणी सांगितला नाही. एनफिल्डच्या नव्या काडतुसाला गायीची आणि डुकराची चरबी आहे ही वार्ता १८५७च्या जानेवारीत डमडमला पसरली, तेव्हा सरकारनं लगेच हुकूम काढला, की काडतुसं चरबीविना द्यावीत आणि शिपायांनी त्यांना आपल्या पसंतीचं मिश्रण स्वतः लावावं. पुढं कागद दातानं न फोडता हातानं फाडायलाही परवानगी झाली. म्हणजे जे त्यांना हवं होतं ते त्यांच्याच हाती दिलं होतं. तोवर उशीर झालेला होता. संशय चरबीवरून कागदावर गेला, कागदाच्या चकाकीवर गेला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. ३१ जुलैला आपल्याकडे कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणी माणूस मोठ्या संख्येनं होता, आणि मला नेहमी वाटतं, त्या पलटणीतल्या एखाद्या शिपायानं घरी असताना स्वतःच्या बापाला बार भरताना पाहिलं असणार. आपल्या बोटांनी, आपल्या घरच्या तुपानं, आपल्या चिंध्यांनी. ज्याला घरी भरायची सवय आहे, त्याला दुसऱ्यानं भरून दिलेली, आत काय आहे ते न सांगितलेली पुडी दातात धरायला सांगितली, तर त्याचं मन का बिथरलं ते मला समजतं. धर्माची गोष्ट होतीच. पण हातातलं काम काढून घेतल्याचीही ती गोष्ट होती, असं मी मानतो.

त्यानंतर काडतूस पितळेचं झालं आणि कारखान्यात गेलं. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. थ्री नॉट थ्री आली, तिच्या पोटात एका वेळी दहा गोळ्या मावू लागल्या. शिपायाला आता भरायचं नव्हतं, फक्त घालायचं होतं. यात वाईट काही नाही. युद्धात उभ्या असलेल्या माणसाला कळकाच्या मापानं दारू मोजत बसायला सांगणं हा गुन्हा ठरेल. आमच्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मला इथं आठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे पडले किंवा जायबंदी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकला, टॉमी गन चालवली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर तीच बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावच्या तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. गोव्याकडे जाताना गाडी तिथं अडकली तर खाली उतरून पाहावा. बार संपल्यावर माणसाजवळ काय उरतं याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर हाच बावीस वर्षांचा मुलगा येतो. त्याच्यापुढं आमच्या राखणीच्या गोष्टी फार लहान आहेत, हे मला कळतं. तरीही लहान गोष्टींनाच माझ्या आयुष्यात जास्त जागा आहे.

आबांच्या बारात आणि मॅगझीनमधल्या गोळीत फरक वेगाचा नव्हे, वेळेचा. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत बराच वेळ जातो, अंधारात तर अधिकच. तेवढ्यात डुकराचा कळप डोंगर चढून गेलेला असतो. म्हणून पहिला बार टाकण्याआधीच सगळा विचार करावा लागतो. समोर हलतंय ते डुक्करच आहे ना? शेजाऱ्याचं सुटलेलं जनावर तर नाही? पलीकडच्या बांधावर कुणी दुसरा राखणीला नाही ना? आबा पहाटेपर्यंत असेच विचारात बसत आणि पुष्कळदा बार न टाकताच उतरत. मग सकाळी ओटीवर बसून, केप आधीच काढून खिशात ठेवलेली, गजाच्या टोकाला पेच लावून ते बोळा फिरवून फिरवून वर ओढत. दारू कागदावर ओतून घेत, छर्रे झटकून पिशवीत टाकत, बोळा उन्हात ठेवत. आजी चहा घेऊन येई आणि विचारी, "नाही उडवला?" ते म्हणत, "नाही. आहे तसा आणला." त्यांच्या आवाजात तेव्हा जे समाधान असे, ते डुक्कर पडल्याच्या दिवशी मी कधी ऐकलं नाही.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की त्याच्या देशाच्या उत्तरेकडे, बर्फाळ वाड्या-वस्त्यांवर गस्त घालणाऱ्या रेंजर्सनी हीच ली-एनफिल्ड दुसऱ्या महायुद्धानंतर सत्तरएक वर्षं वापरली. थंडीत ती अडत नाही म्हणून, आणि अस्वल समोर आलं तर एका गोळीवर भरवसा ठेवता येतो म्हणून. जुनी, सैन्याला नको झालेली बंदूक तिथंही राखणीलाच लागली होती.

काडतूस तयार मिळालं, की ते किती सहज कुठंही जाऊन पडू शकतं, हे आमच्या किनाऱ्यानं पाहिलं आहे. १९९३च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला रात्री उतरवलेल्या शस्त्र-स्फोटकांनी मुंबईत काय केलं ते जगजाहीर आहे. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ आणि काडतुसं सापडली. घातपाताचा हेतू नव्हता, खवळलेल्या समुद्रातून भरकटत आलेली बोट होती, असं पुढं निष्पन्न झालं. पण तो दिवस आमच्या घरी विसरला जाणार नाही. नाकाबंदी लागली, श्रीवर्धनकडची पाहुणेमंडळी वाटेत अडकली, आणि टीव्हीवर त्या पेट्या पाहताना माझ्या मनात एक साधा विचार आला: यातली एकही गोळी भरताना कुणा माणसानं ती हातात धरून पाहिली नसेल. कुणाच्या घरात भांडण झालं म्हणून तिथलं यंत्र त्या दिवशी थांबलं नसेल.

पण हातानं केलं म्हणजे सगळं चांगलंच, असं मी म्हणू शकत नाही, आणि हे लिहिताना ते टाळूनही चालणार नाही. डुकरांसाठी खाण्यात दडवून ठेवलेले गावठी बॉम्ब हेही हातानंच केलेले असतात, आणि स्वस्त असतात. ते कोकणातल्या रानांत पेरले जातात आणि मग एखाद्या गायीच्या, राखणीच्या कुत्र्याच्या तोंडात फुटतात. कधी माणसाचा हात जातो. असं जबडा फाटलेलं जनावर मी एकदा पाहिलं आहे आणि त्याचं वर्णन मी करणार नाही. आबांचा बार आणि हे, दोन्ही घरगुती. फरक एवढाच, की आबा बाराच्या मागं रात्रभर जागे बसत. पेरून ठेवणारा घरी जाऊन झोपतो. ज्याच्या मागं माणूस बसलेला नाही अशी दारू, मग ती कारखान्यातली असो की घरातली, मला सारखीच भेसूर वाटते.

आबांच्या परवान्याचं पुस्तक माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याचं, वर "कुलाबा" छापलेलं, कारण जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली. आत दर नूतनीकरणाचे शिक्के, आणि वर्षाला किती दारू, किती केपा घेता येतील त्याचे आकडे. १८७८ साली लिटनच्या सरकारनं असा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं. पुढच्याच वर्षी आमच्या याच जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेला माणूस, त्या सरकारविरुद्ध उभे राहिले. स्वतंत्र भारतानं १९५९ साली नवा कायदा केला, तेव्हा पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय त्यात ठेवली. ते कलम कुणी लिहिलं असेल त्याला माझा नमस्कार. दिल्लीत बसून त्याला माळ्यावरचा माणूस आठवला होता. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला आणि डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी लागू लागली. तेही मला योग्यच वाटतं. आबांना त्याचा राग आला नाही. त्यांचे बहुतेक बार तसेही आवाजाचेच होते.

आबांच्या मागं परवाना धाकट्या काकांच्या नावावर झाला. पण दारू आणि केपा देणारी परवानाधारक दुकानं एकेक करून बंद झाली. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता उठली की अर्ज करून परत आणायची. काकांचे गुडघे गेल्यावर ते जाणं-येणं जड होऊ लागलं. माळ्यावर जायला घरात कुणी उरलं नाही. आम्ही सगळे पनवेल, ठाणे, पुणे. मग डोंगराकडची दोन खाचरं पड टाकली, पुढं तिसरं. आज तिथं रान वाढलंय आणि त्यात डुकरं दिवसाही असतात. शेतीत परवडत नाही, असं आम्ही चारचौघांत सांगतो. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. रात्रभर जागायला माणूस नाही, हेही तितकंच खरं आहे.

भाचा पुढच्या दिवाळीत येणार आहे. त्याला बंदुकीपेक्षा त्या पत्र्याच्या डब्याची ओढ आहे. माप कसं धरायचे, गजावरची खूण कुठं होती, बोळा काथ्याचा आधी की चिंधीचा, असं काय काय विचारत असतो. मी जे पाहिलं ते सांगतो. जे आबांच्या कानात होतं ते मला सांगता येत नाही. काका अजून आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, पण हात अजून हवेत गज खाली-वर करून दाखवतात. त्यांच्यापाशी बसून हे सगळं लिहून घ्यायचं मी ठरवलं आहे.

तुमच्या घरी, मुरूड-श्रीवर्धनकडे, रोह्याकडे किंवा खाली रत्नागिरीत, अशी एखादी ठासणीची बंदूक परवान्यावर असेल, तर ती ठाण्यात कायमची जमा करण्याआधी घरातल्या जुन्या माणसाशेजारी बसा. परवान्याचं पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका. आणि कुणीतरी हमखास विचारतो तसं, किती डुकरं मारली, ते विचारू नका. किती बार भरले आणि सकाळी तसेच परत काढले, ते विचारा.